फाईलचे स्मृतीतील प्रतिचित्रण : गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्राच्या गणनेवरून एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या गोसीखुर्द धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर आहे. या प्रकल्पाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसविण्यात आली आणि पुढील काळात भंडारा व नागपूर या जिल्ह्यांतील अनेक गावांना घरे व शेती सोडून नव्या जागी जावे लागले. या पातळीसंबंधी अभ्यासकाला सुचणारा पहिला प्रश्न अगदी साधा आहे : पाणी २४५.५ मीटरपर्यंत चढले असता कोणती भूमी त्याखाली जाते? प्रश्न भूगोलाचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर संगणकावर काढावयास बसले म्हणजे परिचालन प्रणालीच्या एका महत्त्वाच्या सोयीचा, म्हणजे फाईल स्मृतीत प्रतिचित्रित करण्याच्या सोयीचा, विचार करावा लागतो. ही सोय नेमके काय करते आणि काय करीत नाही, हे या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गणनेसाठी लागणारी सामग्री सर्वांस उपलब्ध आहे. ११ ते २२ फेब्रुवारी २००० या काळात ‘एंडेव्हर’ या अवकाशयानातून रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजण्यात आली. त्या मोजणीची एक विकला अंतराची आवृत्ती अमेरिकेबाहेरील प्रदेशांसाठी २०१४ पासून टप्प्याटप्प्याने खुली झाली. मोजणीच्या वेळी गोसीखुर्दचे धरण पूर्ण झालेले नव्हते. त्यामुळे आज जलाशयाखाली असलेल्या खोऱ्याचा तळ या सामग्रीत भूमी म्हणूनच नोंदलेला आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिचे हे वैशिष्ट्य मोलाचे होय.

ही सामग्री एक अंश रुंद व एक अंश उंच अशा चौकोनांत विभागलेली असून प्रत्येक चौकोनाची एक फाईल असते. फाईलला चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे नाव दिलेले असते. भंडारा व तुमसर ही गावे २१ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व या फाईलमध्ये येतात. पवनी व लाखांदूर ही तिच्या दक्षिणेच्या, २० अंश उत्तर, ७९ अंश पूर्व या फाईलमध्ये येतात. प्रत्येक फाईलमध्ये ३,६०१ ओळी व प्रत्येक ओळीत ३,६०१ उंची-बिंदू, म्हणजे एकूण १,२९,६७,२०१ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूची उंची पूर्ण मीटरमध्ये, दोन बाइटांच्या पूर्णांकाने लिहिलेली असते. फाईलला शीर्षक नाही, विभाजक चिन्हे नाहीत. वायव्य कोपऱ्यापासून सुरुवात करून ओळीमागून ओळ अशी उत्तरेकडून दक्षिणेकडे केवळ आकड्यांची मालिका आहे. तिची लांबी नेमकी २,५९,३४,४०२ बाइट भरते.

२. वाचन आणि प्रतिचित्रण

अशा फाईलमधून एखाद्या स्थळाची उंची काढण्याचा रूढ मार्ग तीन आवाहनांचा आहे. ‘ओपन’ने फाईल उघडावयाची, ‘एलसीक’ने इष्ट स्थानावर जावयाचे आणि ‘रीड’ने तेथील बाइट आपल्या राखीव जागेत आणावयाचे. या मार्गात बाइटांचे स्थलांतर दोन वेळा होते. प्रथम ते तबकडीवरून परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील पृष्ठसाठ्यात येतात. नंतर तेथून त्यांची प्रत आज्ञावलीच्या जागेत केली जाते.

‘एममॅप’ हे आवाहन दुसरा मार्ग खुला करते. त्यास सहा गोष्टी सांगाव्या लागतात : पसंतीचा पत्ता, लांबी, वाचन-लेखनाचे अधिकार, प्रतिचित्रणाचा प्रकार, उघडलेल्या फाईलचा निर्देशांक आणि फाईलमधील आरंभस्थान. उत्तरादाखल आज्ञावलीस एक पत्ता मिळतो आणि त्या पत्त्यापासून पुढे जणू संपूर्ण फाईल स्मृतीत पसरलेली आहे असे समजून तिला व्यवहार करता येतो. एकदा प्रतिचित्रण झाले म्हणजे फाईलचा निर्देशांक बंद केला तरी चालते; ‘एमअनमॅप’ हे आवाहन होईपर्यंत अथवा आज्ञावली संपेपर्यंत प्रतिचित्रण टिकून राहते.

येथे ‘जणू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘एममॅप’चे आवाहन यशस्वी होऊन परतते त्या क्षणी फाईलचा एकही बाइट तबकडीवरून आणला गेलेला असण्याची आवश्यकता नसते. केवळ इतकीच नोंद झालेली असते की, अमुक पत्त्यांचा प्रदेश हा अमुक फाईलच्या अमुक भागाचा आहे. पटवाऱ्याच्या दप्तरातील गावनकाशा पाहिला म्हणजे कोणता क्रमांक कोठे आहे हे तत्काळ कळते, परंतु शेताची माती पाहावयाची तर शेतावरच जावे लागते. ‘एममॅप’ हे आवाहन असा नकाशा हाती देते. शेतावर जाण्याचे काम पुढे, प्रत्यक्ष गरज पडेल तेव्हा, व्हावयाचे असते.

ही कल्पना नवी नाही. मँचेस्टर येथील ‘ॲटलस’ संगणकाने १९६२ मध्ये आभासी स्मृतीचे तत्त्व प्रत्यक्षात आणले. १९६५ च्या सुमारास आरंभलेल्या ‘मल्टिक्स’ प्रणालीत फाईल व स्मृतीचा खंड यांत भेदच ठेवलेला नव्हता. आज प्रचारात असलेल्या ‘एममॅप’ या आवाहनाची रूपरेषा १९८३ च्या बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीच्या दस्तऐवजांत आढळते. पण ते तेव्हा अमलात आले नाही. १९८८ मधील ‘सनओएस’च्या चौथ्या आवृत्तीने ते व्यवहारात आणले आणि १९९३ मध्ये पोझिक्सच्या वास्तवकालविषयक मानकात त्याला स्थान मिळाले. विंडोज प्रणालीत हेच कार्य निराळ्या नावांच्या दोन आवाहनांनी साधते.

३. पत्त्याची गणना

स्मृतीचा कारभार पृष्ठांच्या एककाने चालतो. प्रचलित बहुसंख्य यंत्रांत पृष्ठ ४,०९६ बाइटांचे असते, काही नव्या यंत्रांत १६,३८४ बाइटांचेही असते. येथे ४,०९६ हे मान धरले आहे. त्या हिशेबाने एका उंची-फाईलला ६,३३२ पृष्ठे लागतात. शेवटच्या पृष्ठात फाईलचे केवळ २,६२६ बाइट येतात. उरलेले १,४७० बाइट शून्याने भरलेले दिसतात, पण ते फाईलचा भाग नव्हेत. त्यांत काही लिहिले तरी फाईल वाढत नाही व लिहिलेले तबकडीवर जात नाही.

भंडारा शहराचे स्थान २१ अंश १० कला उत्तर आणि ७९ अंश ३९ कला पूर्व असे घेतले, तर ते फाईलच्या वरच्या कडेपासून ३,००० व्या ओळीत आणि डाव्या कडेपासून २,३४० व्या स्तंभात पडते. मोजणी शून्यापासून करावयाची. तेव्हा त्याचे बाइट-स्थान (३,००० × ३,६०१ + २,३४०) × २ म्हणजे २,१६,१०,६८० येते. या संख्येस ४,०९६ ने भागले असता भागाकार ५,२७६ व बाकी १८४ उरते. दुसऱ्या शब्दांत, प्रतिचित्रित फाईलच्या ५,२७६ व्या पृष्ठावर १८४ व्या बाइटापाशी भंडाऱ्याची उंची लिहिलेली आहे. आज्ञावलीस हा भागाकार करावा लागत नाही; ती फक्त मूळ पत्त्यात २,१६,१०,६८० मिळविते आणि उरलेले काम यंत्रातील पत्ता-रूपांतराची यंत्रणा करते.

संपूर्ण फाईलऐवजी केवळ भंडाऱ्याची ओळ प्रतिचित्रित करावयाची असेल तर मात्र हा भागाकार अभ्यासकालाच करावा लागतो; कारण आरंभस्थान पृष्ठाच्या पटीतच असावे अशी अट आहे. ओळीचा आरंभ २,१६,०६,००० वर आहे आणि ही संख्या ४,०९६ ची पट नाही. म्हणून प्रतिचित्रण २,१६,०२,३०४ पासून करून पहिले ३,६९६ बाइट सोडून द्यावयाचे. ही अट विसरल्यास आवाहन अयशस्वी होते. ही चूक ताबडतोब उघडकीस येत असल्याने फारशी घातक नाही.

४. प्रथम स्पर्शाचे मूल्य

आज्ञावली एखाद्या पृष्ठास प्रथमच स्पर्श करते तेव्हा यंत्रास पृष्ठसारणीत त्या पत्त्याची सिद्ध नोंद सापडत नाही. यंत्र नियंत्रण गाभ्याकडे सोपविते. या घटनेस पृष्ठदोष म्हणतात. नाव दोषाचे असले तरी ती नित्याची गोष्ट होय. पृष्ठ आधीच पृष्ठसाठ्यात असेल तर केवळ सारणीत नोंद करून भागते, व हा दोष सौम्य होय. नसेल तर तबकडीवरून आणावे लागते आणि तोवर आज्ञावली थांबून राहते. हा दोष गुरू होय. लिनक्ससारख्या प्रणाली एका दोषाच्या निमित्ताने शेजारची पृष्ठेही पुढे आणून ठेवतात. त्यामुळे स्पर्श झालेली पृष्ठे व घडलेले दोष यांची संख्या सारखीच असते असे नाही.

यावरून मुख्य सिद्धान्त निघतो. प्रतिचित्रणाने वाचन नाहीसे होत नाही, ते प्रथम स्पर्शापर्यंत पुढे ढकलले जाते. आणि त्याबरोबर विलंबाची व अपयशाची वेळही पुढे ढकलली जाते. ‘रीड’ लिहिले तेथे आज्ञावली थांबेल हे वाचणाऱ्यास दिसते. प्रतिचित्रणात मात्र साध्या बेरजेच्या ओळीवरही ती थांबू शकते.

हे मूल्य स्पर्शाच्या क्रमावर अवलंबून असते. एका ओळीचे ७,२०२ बाइट दोन अथवा तीन पृष्ठांत मावतात. तेव्हा पूर्व-पश्चिम छेद स्वस्त पडतो. याउलट एकाच रेखांशावरून उत्तर-दक्षिण छेद घेतला, तर लागोपाठच्या दोन बिंदूंतील अंतर ७,२०२ बाइट, म्हणजे पृष्ठाहून अधिक असते आणि प्रत्येक बिंदू नव्या पृष्ठात पडतो. केवळ ७,२०२ उपयुक्त बाइटांसाठी ३,६०१ पृष्ठे, म्हणजे निम्म्याहून अधिक फाईल, चाळावी लागते. वैनगंगा भंडारा शहरापासून गोसीखुर्दपर्यंत सामान्यतः दक्षिणेकडे वाहते, तेव्हा नदीच्या प्रवाहाने जाणाऱ्या कोणत्याही गणनेस ही अडचण येणारच.

तिच्यावर उपाय आहे. फाईलची एकदाच पुनर्रचना करून ३२ ओळी व ६४ स्तंभ यांचे चौकोनी तुकडे क्रमाने लिहावेत. अशा तुकड्यात २,०४८ बिंदू, म्हणजे नेमके ४,०९६ बाइट येतात आणि एक तुकडा एका पृष्ठात बसतो. आता उत्तर-दक्षिण छेदास ११३ पृष्ठे पुरतात. पूर्व-पश्चिम छेदास मात्र दोन-तीनऐवजी ५७ लागतात. एका दिशेची सोय थोडी कमी करून दुसऱ्या दिशेची अडचण पुष्कळ दूर केली जाते.

५. बुडीत क्षेत्राचा शोध

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. उंची पूर्ण मीटरमध्ये असल्याने २४५ अथवा त्याहून कमी उंचीचे बिंदू निवडावेत, असे प्रथम वाटते. परंतु धरणाच्या खालच्या अंगाचा पवनीकडील प्रदेश स्वभावतःच सखल आहे. त्या भूमीची उंची कमी आहे म्हणून ती जलाशयात बुडत नाही. म्हणून निकष केवळ उंचीचा असून भागत नाही, जलाशयाशी सलगतेचाही असावा लागतो. धरणाच्या रेषेवर कृत्रिम बांध मानून, त्याच्या वरच्या अंगाच्या नदीपात्रातील एका बिंदूपासून आरंभ करावयाचा आणि २४५ पेक्षा उंच नसलेल्या शेजारच्या बिंदूंकडे क्रमाक्रमाने सरकावयाचे. पाणी जसे पसरेल तसा हा शोध पसरतो.

अशा शोधाचा मार्ग आधी सांगता येत नाही. कोणते बाइट लागतील हे पुढील बिंदू पाहिल्यावरच कळते. ‘रीड’ने हे काम करावयाचे तर एक तर संपूर्ण फाईल आणावी लागते, नाही तर प्रत्येक शेजाऱ्यासाठी स्वतंत्र आवाहन करावे लागते. येथेच प्रतिचित्रणाचे खरे सामर्थ्य प्रकट होते. जलाशयाचा भाग उत्तरेच्या फाईलच्या अखेरीस व दक्षिणेच्या फाईलच्या आरंभी येतो. भंडाऱ्याच्या अक्षांशापासून २१ अंशापर्यंतच्या ओळी उत्तरेच्या फाईलच्या १,०५८ पृष्ठांत, म्हणजे सुमारे एकषष्ठांशात, सामावतात. शोध या पट्ट्याच्या थोडा वर गेला तरी उरलेल्या बहुतेक पृष्ठांस स्पर्शही होत नाही.

दोन फाईलींपुरते पाहिले तर आजच्या साध्या संगणकासही संपूर्ण सामग्री स्मृतीत घेणे जड नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु महाराष्ट्र १५ ते २२ अंश अक्षांश व ७२ ते ८० अंश रेखांश यांच्या चौकोनांत पसरलेला आहे. ते चौकोन जास्तीत जास्त ७२ होतात आणि त्यांची सामग्री सुमारे १८७ कोटी बाइट भरते. एकाच संगणकावर दहा विद्यार्थी ती वापरू लागले, तर प्रत्येकाची वेगळी प्रत ठेवणे परवडत नाही. केवळ वाचनासाठी केलेल्या प्रतिचित्रणात सर्व आज्ञावली पृष्ठसाठ्यातील एकाच प्रतीचा उपयोग करतात. याउलट, फाईल आरंभापासून अखेरपर्यंत एकदाच वाचावयाची असेल, तर मोठ्या तुकड्यांनी केलेले ‘रीड’ तितकेच किंवा अधिक जलद ठरू शकते.

६. निमूटपणे होणाऱ्या चुका

प्रतिचित्रणामुळे फाईलचे बाइट जसेच्या तसे आज्ञावलीपुढे येतात. त्यांचा अर्थ लावण्याचे उत्तरदायित्व सर्वस्वी अभ्यासकावर पडते. या सामग्रीत दोन बाइटांपैकी मोठ्या स्थानाचा बाइट आधी लिहिलेला असतो, तर प्रचलित यंत्रे सामान्यतः लहान स्थानाचा बाइट आधी धरतात. क्रम न उलटता वाचल्यास २४५ ही उंची उणे २,८१६ अशी दिसते, २५६ ही १ अशी दिसते आणि ३०० ही ११,२६५ अशी दिसते. यांपैकी शेवटची संख्या पाहून कोणीही सावध होईल. पण २५६ मीटर उंचीवरील शेत १ मीटरवर समजून बुडीतात धरले गेले, तर ते सहजासहजी लक्षात येणार नाही. कारण यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही.

दुसरी चूक रिक्त स्थानांची. जेथे रडारला उंची मिळाली नाही तेथे काही आवृत्त्यांत उणे ३२,७६८ ही संख्या लिहिलेली असते. ती २४५ पेक्षा कमी असल्याने भोळी आज्ञावली अशा स्थानी पाणी भरते. तिसरी चूक कडेची. २१ अंशाची ओळ उत्तरेच्या फाईलची शेवटची व दक्षिणेच्या फाईलची पहिली अशी दोन्हींत येते. जलाशय ही ओळ ओलांडत असल्याने तिच्यावरील बिंदू दोनदा मोजले जाण्याचा संभव असतो. येथील एक बिंदू सुमारे ८९० चौरस मीटर भूमीचा, म्हणजे पाव एकराहून किंचित कमी क्षेत्राचा प्रतिनिधी आहे. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने हे क्षेत्र नगण्य नव्हे.

७. लेखन, टिकाऊपणा आणि अपयश

शोधाचे फलित प्रत्येक बिंदूस एक बाइट या हिशेबाने दुसऱ्या फाईलमध्ये ठेवावयाचे असेल, तर प्रथम ‘एफट्रंकेट’ने तिची लांबी १,२९,६७,२०१ बाइट निश्चित करावी लागते, कारण प्रतिचित्रणात लिहिल्याने फाईल आपोआप लांबत नाही. प्रतिचित्रण सामायिक प्रकारचे असले तरच लेखन फाईलपर्यंत पोचते. खाजगी प्रकारात लिहिताच त्या पृष्ठाची स्वतंत्र प्रत होते व मूळ फाईल अबाधित राहते.

सामायिक प्रकारातही लिहिलेला बाइट लगेच तबकडीवर जात नाही. तो पृष्ठसाठ्यात बदललेल्या पृष्ठाच्या रूपाने राहतो आणि गाभा सवडीने तो उतरवितो. लिनक्समध्ये साधारण ३० सेकंदांहून जुनी बदललेली पृष्ठे उतरविण्यास पात्र ठरतात. आज्ञावली मध्येच कोसळली तर पृष्ठसाठा सुरक्षित राहतो. पण वीज गेली तर न उतरलेली पृष्ठे नष्ट होतात. शिवाय पृष्ठे ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने उतरतील अशी हमी नसते. ‘गणना पूर्ण’ अशी खूण आधी उतरून फलित मागे राहू शकते आणि वीज परत आल्यावर अपुरी फाईल पूर्ण असल्याचे दिसते. म्हणून प्रथम फलितासाठी ‘एमसिंक’चे प्रतीक्षायुक्त आवाहन करावे, ते यशस्वी झाल्यावरच खूण लिहावी आणि त्या खुणेसाठी पुन्हा ‘एमसिंक’ करावे. हा नियम कंटाळवाणा वाटला तरी अपरिहार्य आहे.

अपयशाची रीतही निराळी आहे. ‘रीड’ फसले तर ते तसे सांगते व आज्ञावलीस पुढील विचार करता येतो. प्रतिचित्रित पृष्ठ तबकडीवरून आणता आले नाही, किंवा दुसऱ्या कोणी दरम्यान फाईल आखूड केली, तर स्पर्श करणाऱ्या आज्ञावलीस ‘सिगबस’ हा संकेत मिळतो आणि सामान्यतः ती तेथेच संपते. ‘एफट्रंकेट’ने लांबविलेल्या फाईलसाठी तबकडीवर प्रत्यक्ष जागा राखलेली नसते, तबकडी भरलेली असल्यास लेखनाच्या वेळीही हाच संकेत येतो. जागा आधी राखणारे स्वतंत्र आवाहन करून हा धोका टाळता येतो.

विदासंग्रह-प्रणालींनाही हा अनुभव आला आहे. ‘मोंगोडीबी’ने आरंभी प्रतिचित्रणावर आधारलेली साठवण स्वीकारली होती, २०१५ मध्ये तिच्याऐवजी ‘वायर्डटायगर’ ही यंत्रणा प्रमुख केली आणि २०१९ च्या आवृत्तीत जुनी पद्धत काढून टाकली. कोणते पृष्ठ केव्हा उतरावे यावर ज्या प्रणालीस स्वतःचे नियंत्रण हवे असते, तिला हा निर्णय गाभ्यावर सोपविणे मानवत नाही. जी सामग्री पुष्कळ वेळा वाचावयाची व क्वचितच बदलावयाची, तिच्यासाठी प्रतिचित्रण हे उत्तम साधन होय. उंचीच्या फाईली याच वर्गात मोडतात.

८. उपसंहार

गणना बिनचूक झाली तरी तिच्या फलिताचा अर्थ मर्यादित आहे. या मोजणीत उंचीच्या निरपेक्ष अचूकतेसाठी ९० टक्के स्थानी १६ मीटरची मर्यादा ठरविलेली होती. प्रत्यक्ष चूक सपाट प्रदेशात पुष्कळ कमी असते. तथापि रडारने झाडांचे शेंडे व घरांची छपरेही काही अंशी भूमीच मानली आहेत, आणि धरणाची पातळी व या सामग्रीची उंची यांच्या आधारपातळ्या एकच नाहीत. वैनगंगेचे खोरे मंद उताराचे असल्याने उंचीतील एका मीटरचा फरक क्षेत्रात फार मोठा होऊन उमटतो. म्हणून असे फलित अभ्यासासाठी वापरावे. कोणाचे शेत बुडीतात गेले याचा निर्णय प्रत्यक्ष मोजणीवरच व्हावयास हवा.

विद्यार्थ्याने हे काम हाती घेतल्यास त्याने फलितावर विश्वास ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य कराव्यात. भंडाऱ्याच्या बाइट-स्थानावरील उंची ‘रीड’ने व प्रतिचित्रणाने अशी दोन्ही प्रकारे काढून ती जुळते का, हे पाहावे. रिक्त स्थाने किती आहेत ते वेगळे मोजावे. आणि २१ अंशाची ओळ दोन्ही फाईलींत सारखी आहे का, हे बिंदूगणिक तपासावे. या तिन्ही तपासण्यांस मिळून फार तर काही सेकंद लागतात; पण त्या न केल्यास पुढील सर्व गणना वेगाने पूर्ण होऊनही निराधार राहते.